ताक

अमळनेरच्या आमच्या गच्चीवर नेटवर्क फक्त टाकीपाशी येतं,
म्हणून मुलाखत टाकीपाशी.
शेजारी खाटांवर जुनी धोतरं, धोतरांवर आईची बिबडी,
दुपारचा दीड.

पंधरा दिवसांपूर्वी धुळ्याला, देवपुरात,
मोबाइलच्या दुकानावरच्या ऑफिसात एजंटनं फॉर्म दिला.
कौशल्य: वेल्डिंग, फोर्कलिफ्ट, मांस कापणे, पॅकिंग.
मी विचारलं, तत्त्वज्ञान कुठे लिहू?
माणूस वाईट नव्हता. म्हणाला, ताई, 'इतर'मध्ये जागा आहे,
पण तिथं कोणी बघत नाही.
मी पॅकिंगवर खूण केली. पोलंड. सफरचंदं.

एम.ए., सेट, सहा वर्षं तासिका तत्त्वावर,
ऑगस्टपासूनचं बिल अजून टेबलावरून टेबलावर.
कायम व्हायचा आकडा संस्थेच्या नानांनी
बोटांनी सांगितला होता, तोंडानं नाही.
बिनभाषेचा व्यवहार मला अगदीच नवा नाही.

पोलिशमध्ये 'हो'ला म्हणतात ताक.
मी भांडी घासताना पाठ करते, ताक, ताक.
आई म्हणते, कितलं ताक पिशी व माय, सर्दी हुई.
आईला म्हणतात मात्का.
हे सांगितल्यावर ती माठाकडे बघून इतकी हसली
की पदर तोंडात धरावा लागला.

पहिलीत मी 'तठे' म्हटलं म्हणून
बाईंनी हातावर पट्टी मारली होती. तिथे म्हण, तिथे.
वर्षभर मी वर्गात गप्प होते.
मग मराठी आली. एवढी आली
की पाहुण्यांसमोर आईच कमी बोलायला लागली.
हे मी कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नाही.

माहेरी, शिरपूरच्या बाजारात,
सातपुड्यातून उतरलेल्या पावरा बायांना ती बांगड्या भरायची.
विचारलं, त्यांची बोली येत नव्हती, मग कसं केलंस?
पहिले मोजाले शिक, म्हणाली. मंग 'नही' म्हनाले.
मंग पानी मांगाले.
आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच:
हात धरा का समजस.

स्क्रीनवर बाई आली. गळ्यात मफलर, मागे खोकीच खोकी.
दुभाषी पोरगा दोन वाक्यांनंतर तुटला.
ती विचारत राहिली. मी, ताक.
मग काहीतरी लांबलचक. मी, ताक.
नंतर कळलं, कंबर दुखते का म्हणून विचारत होती.
मग ती थांबली,
माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, त्सो तो?
आईनं कालचं वाळलेलं एक बिबडं उन्हासमोर धरलं.
बिबडं शे, बाई. जवारीनं. खाई देख.
ती काही बोलली. आई काही बोलली.
मिनिटभर चाललं त्यांचं, कोणी कोणाचं न तोडता,
आणि मी फोन धरून उभी,
वरातीत कोणी बत्ती धरून चालावं तशी.

बुधवारी वर्गात तीन मुलं होती.
दरवर्षी मी एक प्रश्न काढते,
भाषेशिवाय विचार शक्य आहे काय? दहा गुण.
आजवर कोणाला सहाच्या वर दिले नाहीत.
या वेळी पेपर काढताना तो प्रश्न लिहिला, खोडला,
त्या जागी सोपासा काहीतरी घातला.

अजून पत्र नाही.
एजंट म्हणतो, होईल. आई म्हणते, तठे कोन शे आपलं?
आणि लगेच, थंडीमा काय घालशी?

संध्याकाळी धोतरांना मागून पाणी लावून
आम्ही बिबडी सोडवतो.
मी मोजते, येदेन, द्वा, त्शी, च्तेरी,
पुढचा शब्द आठवेना म्हणून थांबते.
आई मान वर न करता म्हणते,
ते पाचवं नको मोजू. फुटेल शे.